उन्हाला आत घेणारी छिद्रं

आमच्या इंदूरच्या गच्चीवर आईचा सोलर कुकर अजून चालतो. काळ्या डब्यात वरण छान शिजतं. पण काळी वस्तू ऊन जसं शोषते, तशीच तापल्यावर उष्णता बाहेरही टाकते. केल्विनमध्ये मोजलेलं तापमान दुप्पट झालं की हे टाकणं १६ पट होतं! वरणाला काचेचं झाकण पुरतं. कारखान्याच्या भट्टीला नाही.

जर्मनीत यूलिश इथल्या सौर मनोऱ्यात २००९ पासून यावर एक युक्ती वापरली आहे. दोन हजारांहून जास्त आरसे सिलिकॉन कार्बाइडच्या सच्छिद्र ठोकळ्यांवर ऊन टाकतात. प्रकाश छिद्रांत खोल शिरून शोषला जातो. त्याच छिद्रांतून ओढलेली हवा सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ठोकळ्याचा दर्शनी भाग आतल्यापेक्षा थंड राहिला, तर उष्णता कमी वाया जाते. प्रत्यक्षात हे साधणं अवघड आहे. छिद्रं केवढी, भिंती किती पातळ, हे शोधणं अजून चालूच आहे.

माझी भाची बारावीला आहे. "मामा, मीही कॉम्प्युटरच घेऊ ना?" असं विचारते. माझी नोकरी चांगली आहे, तक्रार नाही. तरी तिला म्हणतो, "मटेरियल सायन्सही बघ. तिथे माणसं हवी आहेत."