कॅप्स लॉकचा दिवा

कॉम्प्युटर हँग झाला की लोक आधी माउस हलवतात, मग आणखी जोरात हलवतात. मी कॅप्स लॉक दाबतो. कीबोर्डवरचा तो इवलासा दिवा लागला, तर आत कोणीतरी जागं आहे. नुसता पडदा थिजलाय किंवा एखादा प्रोग्राम अडून बसलाय. दिवा लागलाच नाही, तर मशीन मुळापासून गोठलं. मग नाइलाजानं बटण दाबून धरायचं आणि न साठवलेल्या ओळींना हात जोडायचे.

२०२० च्या मे महिन्यात नांदुऱ्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत मी हे दिवसातून कितीदा केलं असेल! पुण्याची खोली सोडून आलो होतो. घरातलाच जुना डेस्कटॉप झाडून-पुसून कामाला लावला होता. खिडकीतून हायवेकडचा १०५ फुटी मारुती दिसतो. मशीन पुन्हा चालू होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, एवढंच हातात.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला पहिला संशय स्वतःचाच येतो, आणि तो निम्म्या वेळा खराही असतो. माझा एक प्रोग्राम अख्खी फाइल मेमरीत ओढून घेत होता. चार जीबी रॅम भरली की उरलेला माल हार्ड डिस्कवर जायचा, आणि डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता पेटून राहायचा. पण हा गोठण्याचा प्रकार नव्हे, हा दम लागण्याचा. कॅप्स लॉकचा दिवा अशा वेळी उशिरा का होईना, लागतो. फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचायला लावली आणि तो त्रास संपला. राहिला तो दुसरा: अधूनमधून, काहीही काम चालू असताना, अगदी काही नसतानाही, एकदम शांत. पंखे फिरताहेत, पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं.

अशा वेळी लॉग उघडून उपयोग नसतो. मशीन आधीच्या खेपेला काय म्हणत होतं ते वाचायला गेलो, तर वाक्य अर्ध्यातच तुटलेलं. लिहिणाराच गोठला, तर लिहिणार कोण? मेलेल्यानं स्वतःचा पंचनामा करून ठेवावा, अशी आपली अपेक्षा.

मग कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीबरोबर कापसाच्या तंतूंचा चक्क पापुद्रा बसला होता. शेजारच्या खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी. त्या कापसानं माझ्याही पंख्यात घर केलं म्हणायचं. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर. गुन्हेगार सापडला, अशी खात्रीच पटली. साफ केलं, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली, तापमान बारा अंशांनी उतरलं. तिसऱ्या दिवशी मशीन गोठलं.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या. हा इलाज ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते, पण पुष्कळदा तोच लागू पडतो. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. सकाळी एकही चूक नाही. मग कधीतरी कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. अर्थिंग! आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, आणि मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा तिच्याबरोबर कोरडा पडतो. ओल गेली की मातीतून वीज नीट वाहत नाही. अंगणातल्या त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. झिणझिण्या गेल्या. मशीन एक दिवस चाललं, दोन, तीन, चार. मी दोन मित्रांना फोन करून अर्थिंगचं माहात्म्यही सांगून टाकलं. पाचव्या दिवशी गोठलं.

या कामात सगळ्यात वाईट काय, तर चुकीच्या उपायानंतर मिळालेली ही शांतता. दोष सरासरी पाच दिवसांनी येत असेल, तर चार दिवस तो आला नाही यावरून काहीच कळत नाही. पंधरा दिवस वाट पाहावी. एवढ्या दिवसांत तो निव्वळ योगायोगानं न येण्याची शक्यता शेकडा पाचवर येते. अर्थात हा हिशेब लहरी दोषाचा. माझा दोष लहरी नव्हताच, हे मला पुढे कळायचं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. मी उपाय नेमानं करत होतो, आणि आजार कधी येतो ते नुसतं आठवत होतो. मला ठाम वाटायचं, ‘दुपारीच होतं.’ कारण पहिल्यांदा झालं ते दुपारी, घामाच्या धारा लागल्या असताना. हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ ला रिलेमध्ये एक पतंग सापडला, त्याची गोष्ट आमच्या धंद्यात सगळे सांगतात. मला त्या पतंगापेक्षा तिथल्या वहीचा हेवा वाटतो. पतंग चिकटपट्टीनं पानावर चिकटवलेला, आणि शेजारी वेळ: दुपारचे पावणेचार.

मीही वही घातली. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम, दर सेकंदाला वेळ आणि तापमान लिहिणारा. लिहिलेलं तत्क्षणी डिस्कवर गेलंच पाहिजे, अशी सक्ती त्यात करावी लागते. एरवी सिस्टिम ते सवडीनं लिहू म्हणून मेमरीत धरून ठेवते आणि नेमका शेवटचा क्षण घेऊन जाते. आता मशीन गोठलं की फाइलची शेवटची ओळ म्हणजे बंद पडलेली नाडी. महिनाभर मशीन रात्रंदिवस चालू ठेवलं. पाच नोंदी मिळाल्या: सकाळी साडेसहा, रात्री नऊ, पुन्हा सकाळ, भरदुपार, संध्याकाळ. तापमान प्रत्येक वेळी साधारणच. वेळेत काही सूत्र नाही. कागदावर तारखा मांडून स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. समोर भिंतीवर कालनिर्णय, आणि त्यावर आईच्या पेन्सिलीचे गोल, दर पाचव्या दिवशी एक.

“हे कायचे गोल आहेत?”

“नळाचे दिवस. अजून कायचे राहतीन बा?”

महिन्यातले सहा गोल. त्यांतल्या पाचांवर माझ्या पाच तारखा बसल्या.

नळ आला की गल्लीतल्या घराघरात टिल्लू पंप चालू होतात. पंप लहानसाच असतो, पण सुरू होताना कोणतीही मोटर चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. दहा-पंधरा एकदम सुरू झाले की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. माझा यूपीएस बॅटरी गेल्यापासून नुसता पिना लावायचा डबा झाला होता. म्हणजे सगळी भिस्त कॅबिनेटमधल्या एसएमपीएसवर, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. त्याच्यातला मोठा कपॅसिटर भरलेल्या रांजणासारखा असतो. बाहेरचा पुरवठा तुटला तरी सोळा-सतरा मिलिसेकंद, म्हणजे आपल्या पन्नास सायकलच्या विजेचा पुरता एक हेलकावाही नाही, एवढा वेळ त्यानं निभावून न्यावा अशी अपेक्षा असते. जुना होऊन सुकलेला कपॅसिटर तेवढं निभावत नाही. वीज पुरती गेली असती, तर मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं असतं. हा झटका जगू न देणारा आणि धड मरूही न देणारा असावा. मल्टिमीटर लावून पाहिला होताच मी. पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट, अगदी नियमात. पण मल्टिमीटरच्या आकड्याला मिलिसेकंद कुठून दिसणार?

दुरुस्तीवाल्याकडून चांगला एसएमपीएस दोन आठवड्यांसाठी मागून आणला. नळाचे तीन दिवस गेले. छताच्या पंख्याचा आवाज खाली जायचा, मशीन ढिम्म हलायचं नाही. मग मी जुना पुन्हा बसवायला निघालो, तेव्हा तो वैतागला. “चांगलं चालू हाय न भाऊ, आता खराब कायले लावता?”

त्याला समजावत बसलो नाही. अर्थिंगच्या त्या चार दिवसांनी मला चांगलंच शिकवलं होतं. जुना बसवला आणि पुढच्या गोलाच्या दिवशी पहाटेपासून मशीनसमोर बसून राहिलो. वरच्या गल्लीला पाणी आमच्या आधी येतं. सहाच्या सुमाराला तिकडून पंपांची घरघर ऐकू आली. पंखा कण्हला. मी कॅप्स लॉक दाबला, पुन्हा दाबला. दिवा नाही.

“आलं, आलं!” मी आनंदानं ओरडलो.

खालून बादल्यांचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं आईचा: “कुठी आलं रे? तोटी त कोरडीच हाय.”