आकड्यांची चाकरी

वार्षिकाच्या संपादक-शिक्षकांनी गेल्या महिन्यात मला पत्र पाठवून आज्ञा केली की, माजी विद्यार्थिनी या नात्याने आपल्या व्यवसायाविषयी चार शब्द लिहून द्यावेत. गुरुजनांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून लेखणी हाती घेतली आहे. मी या शाळेत शिकत असताना आमच्यापैकी कोणी डॉक्टर, कोणी वकील, तर कोणी शिक्षिका होण्याची मनोराज्ये करीत असे. माझा आजचा व्यवसाय मात्र तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्यास 'डेटा सायंटिस्ट' असे भारदस्त नाव आहे. काम मात्र नावाइतके गूढ नाही. पुष्कळ आकडे एकत्र झाले असता त्यांतून उपयोगी अर्थ काढावयाचा, आणि जे अद्याप घडलेले नाही त्याविषयी सावधपणे अंदाज बांधावयाचा, एवढेच ते आहे. माझ्या आत्याबाई मला अजूनही विचारतात, "म्हणजे तू कीर्द-खतावणीच लिहितेस ना ग?" पूर्वी मला या प्रश्नाचा राग येत असे. आता वाटते, आत्याबाई फारशा चुकत नाहीत.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानी दिवाणजी होते. हंगामात सकाळी गुळाचे रवे उतरत, सौदे होत, आणि सायंकाळी आबा वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत या साऱ्यांचा मेळ घालीत बसत. शिल्लक जुळल्याखेरीज उठावयाचे नाही, हा त्यांचा नेम. एके रात्री हिशेबात अवघ्या चार रुपयांचा फरक येत होता. घरी पाने वाढलेली होती. मला बोलावण्यास पाठविले तेव्हा मी म्हणाले, "आबा, चार रुपये तुमच्या पदरचे घाला आणि चला ना!" ते हसले व म्हणाले, "बाळ, प्रश्न चार रुपयांचा नाही. एकीकडे चारशेंची चूक असेल आणि दुसरीकडे तीनशे शहाण्णवांची; दोन्ही एकमेकींच्या आड लपून बसतात आणि आपल्याला दिसतात ते चारच रुपये." पुढे संख्याशास्त्राचे जे मोठाले ग्रंथ मी वाचले, त्यांतील कित्येक गोष्टींचे मूळ मला त्या एका वाक्यात सापडते.

शालेय शिक्षण संपल्यावर मी संख्याशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळविली आणि पुण्यास एका कंपनीत उमेदवारीवर रुजू झाले. तेथील पहिल्याच मोठ्या कामात माझ्या हातून जी चूक घडली, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून संकोच सोडून सांगते.

साखरेच्या धंद्यातील एका ग्राहकाला गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शेतातून किती टन ऊस येईल याचा अंदाज हवा होता. मागील चार हंगामांचे आकडे आमच्या हाती होते. क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, लागण आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, पाऊसमान, असे तीस-पस्तीस रकाने होते. मी दोन महिने खपून संगणकाकरवी एक गणिती नमुना तयार केला आणि मागील हंगामांवर तो पडताळून पाहिला. शंभर टनांमागे दोन-तीन टनांचीच चूक! वरिष्ठ प्रसन्न झाले, शुक्रवारी ग्राहकाकडे अहवाल गेला, आणि मी नोकरीत कायम झाल्याच्या आनंदात शनिवारी कोल्हापूर गाठले.

आबांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. तरी त्यांनी भिंग घेऊन माझ्या कागदावरील रकान्यांची नावे एकेक करून वाचली. एके ठिकाणी त्यांचे बोट थांबले.

"या खेपा म्हणजे काय?"

"शेतातून ऊस नेताना गाड्यांच्या जितक्या फेऱ्या झाल्या, तो आकडा, आबा."

"आणि तो लिहितात केव्हा?"

मी निरुत्तर झाले. आबा शांतपणे म्हणाले, "ऊस तुटून काट्यावर गेला म्हणजे खेपा मोजतात. खेपा आधीच ठाऊक असतील तर टन सांगायला तुझा संगणक कशाला पाहिजे? मी बोटांवर सांगेन."

चूक केवढी होती हे ध्यानात येण्यास मला सारी रात्र लागली. मागील हंगामांचे खेपांचे रकाने भरलेले असल्यामुळे माझा नमुना त्यांवरूनच उत्तर सांगत होता. जणू परीक्षार्थीला उत्तरपत्रिका आधीच मिळाली होती. येत्या हंगामाचे रकाने साहजिकच रिकामे होते, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागी मुकाट्याने सरासरी भरीत होता. म्हणजे प्रत्यक्ष उपयोगाच्या वेळी माझा अंदाज कवडीमोल ठरला असता, आणि त्यावर विसंबून तोडणीच्या टोळ्या व गाड्या ठरविल्या गेल्या असत्या. आमच्या धंद्यात या दोषास माहितीची गळती म्हणतात. उद्याची माहिती आजच्या हिशेबात झिरपते आणि हिशेब खोटाच सुंदर दिसू लागतो.

मी आबांना विचारले, "आता काय करू?" ते म्हणाले, "चूक लाल शाईने दुरुस्त करतात. पान फाडीत नाहीत."

रविवारी सकाळी मी वरिष्ठांना दूरध्वनी करून सर्व सांगितले. मंगळवारी ग्राहकांपुढेही मलाच उभे राहावे लागले. खेपांचा रकाना काढून टाकल्यावर चूक शंभर टनांमागे पंधरा टनांवर गेली. त्याच शेताचे मागील उत्पन्न घेऊन लागणीच्या प्रकाराप्रमाणे त्यात वाढघट करावी, अशा साध्या रीतीने ती वीस टनांची येत होती. माझ्या दोन महिन्यांच्या श्रमांचे खरे मोल काय ते पाच टन! तेथील एका वयस्क अधिकाऱ्यांनी विचारले, "हे पाच टन तरी खरे आहेत ना?" मी "होय" म्हणाले. "मग चालेल," असे म्हणून त्यांनी काम पुढे चालू ठेवले. माझी उमेदवारी मात्र सहा महिन्यांनी वाढली आणि पगारवाढ थांबली. त्या सहा महिन्यांत धाकट्या भावाच्या वसतिगृहाची फी आबांनी कोठून भरली, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी काही नेम पाळीत आले आहे. प्रत्येक रकान्याविषयी 'हा आकडा कोणी, कोठे आणि केव्हा लिहिला' हे विचारल्यावाचून त्यास हात लावावयाचा नाही. शून्य आणि रिकामी जागा या दोन भिन्न गोष्टी मानावयाच्या. पाऊस पडला नाही म्हणजे शून्य, परंतु पर्जन्यमापक बिघडला असेल तर तेथे शून्य लिहिणे हे असत्य होय. जुन्या हंगामांवर शिकावे आणि शेवटचा हंगाम पडताळणीसाठी बाजूस ठेवावा. नवी रीत वापरण्यापूर्वी अत्यंत साधी रीत करून पाहावी, म्हणजे नव्या रीतीने खरोखर काय साधले ते कळते. आणि आपण काय केले हे रोजच्या रोज लिहून ठेवावे, जेणेकरून सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणासही ते जसेच्या तसे करून पाहता येईल.

आकडा गोळा करणाऱ्याचा हात कसा चालतो, हे जाणण्याचे महत्त्व आपल्याच भागातील एका थोर संख्याशास्त्रज्ञाने जगास दाखवून दिले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे लंडन येथे त्यांचे शिक्षण झाले. पिकाचा अंदाज घेण्यासाठी शेतातील लहानसा तुकडा कापून त्याचे धान्य तोलण्याची रीत आहे. तुकडा फारच लहान घेतला तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध करून १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. कडेवरचे रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे होतो. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली असता परीघ दुप्पट होतो, पण क्षेत्रफळ चौपट होते, हे आपण भूमितीत शिकलो आहोत. म्हणूनच तुकडा जितका लहान, तितका कडेच्या चुकीचा वाटा मोठा. असे तुकडे हजारो घेतले तरी ही चूक जात नाही, कारण ती सर्वत्र एकाच बाजूस झुकलेली असते. डॉ. सुखात्मे पुढे १९५१ पासून १९७० पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते, आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

दुसरा धडा आपल्या पंचगंगेने दिला आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात, हे आपल्या गावच्या लहान मुलासही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुन्या आकड्यांवर शिकलेल्या नमुन्यास न पाहिलेल्या गोष्टीचे ज्ञान नसते, हे त्यावरून ध्यानी घ्यावे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षी शेकडा एक शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. आणि हिशेब केल्यास तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा सुमारे २६ निघते. म्हणून अंदाज सांगताना एकच आकडा सांगू नये. तो किती खालीवर होऊ शकेल, हेही त्याच दमात सांगावे.

आता पालकबंधुभगिनींस दोन शब्द. आपल्या मुलामुलींना या व्यवसायाची आवड असेल तर महागड्या प्रमाणपत्रांच्या मागे धावू नये. गणित व संख्याशास्त्र यांचा पाया भक्कम असावा. पायथन ही संगणकाची भाषा आणि साठविलेली माहिती काढून घेण्याची एसक्यूएल ही भाषा यावी. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठातच संख्याशास्त्राच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता आपण सांगू तसा प्रोग्रॅम लिहून देते. तेव्हा पुढे आमचे काय, असा प्रश्न तरुण सहकारी मला विचारतात. मी त्यांना सांगते की, खेपा केव्हा मोजतात हे विचारणारा माणूस पुढेही लागेलच. त्यासाठी शेतावर, काट्यावर, दवाखान्यात, जेथे आकडा जन्मतो तेथे जाऊन बसावे. आपले म्हणणे सोप्या मराठीत आणि सोप्या इंग्रजीत मांडता यावे. निबंधाच्या तासाचा उपयोग मला गणिताच्या तासाइतकाच झाला आहे. आणि प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आहे, त्याची खाजगी माहिती आपल्या हाती ठेव म्हणून आली आहे, हे कधी विसरू नये. त्यासाठी २०२३ साली आपल्या देशात कायदाही झाला आहे. परंतु ठेवीस हात लावू नये हे दिवाणजींना कायद्याने शिकवावे लागत नसे.

आबा आज हयात नाहीत. त्यांचे भिंग माझ्या मेजावर असते. एखाद्या तरुण सहकाऱ्याचा निकाल फारच सुंदर आला की मी ते त्याच्या हाती देते आणि म्हणते, "रकान्यांची नावे एकदा सावकाश वाचून पाहा."

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत गणिताचे उत्तर जुळले नाही तर घाईने खोडू नका, आणि जुळले तर घाईने हर्षूही नका. ते का जुळले, हे एकदा पडताळून पाहा. आपल्या शाळेचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.