लहान शिकारीचा परवाना

वडील निवर्तल्यावर त्यांची ठासणीची बंदूक दापोलीच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. शस्त्राचा परवाना माणसाच्या नावे असतो. तो घराकडे वारशाने येत नाही. कागद शोधता शोधता शेतीसंरक्षणाच्या परवान्याखाली ‘लहान शिकारीचा’ एक जीर्ण परवाना आणि त्याची नोंदवही हाती आली.

आजच्या तरुण वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. परंतु १९७२च्या वन्यजीव कायद्यानेही शिकार आरंभी सरसकट बंद केली नव्हती. विशेष, मोठी व लहान अशा पायऱ्या पाडून प्रत्येकीस निराळा परवाना ठेविला होता, आणि मारलेल्या जनावराची नोंद परवानेदाराने स्वतः ठेवावी, असे कलम घातले होते. १९९१च्या दुरुस्तीने हा दरवाजा बंद झाला. सरकारने माणसाच्याच प्रामाणिकपणावर सोपविलेली ही वही मला नेहमी नवलाची वाटे. स्कॉटलंडच्या माळांवर दरसाल बारा ऑगस्टला शिकार खुली होते; तो दिवस तेथे सणासारखा पाळतात म्हणे. आमच्याकडे सण कसला, पहाटे दोन भाकऱ्या बांधून निघायचे, एवढेच.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. चैत्र चालू होता, म्हणजे रानकोंबड्यांच्या विणीचे दिवस. आदल्या रात्री पाहुणे आले होते व वडिलांना भीड पडली होती. करवंदीच्या जाळीत काही हलले. वडिलांनी कोंबडा समजून बार टाकला. जाऊन पाहतो तो तलंग पडलेली, आणि पाचोळ्यातल्या खळग्यात पाच अंडी, ऊन ऊन. वडील कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले. मग टोपीत अंडी घेऊन म्हणाले, “आईला म्हणावे, वाटेत सापडली.”

आईने ती खुडूक कोंबडीखाली ठेविली. दोनच पिले निघाली. आठवड्याभरातच ती कुंपणाखालून रानात पसार झाली. पाहुण्यांनी त्या दिवशी पिठलेभात खाल्ला.

वहीतील ते पान मी उघडले. फाल्गुनात तित्तिर दोन, लावे तीन, असे वडिलांच्या ठसठशीत मास्तरी अक्षरात लिहिलेले. तलंगेची नोंद नाही. पुढची सारी पानेही कोरीच.

हवालदाराने बंदुकीची पावती फाडून दिली. वही त्याने मागितली नाही. मीही दाखविली नाही.