उतरणीची तारीख

एखाद्या दीर्घकाळ चाललेल्या विनोदी मालिकेचे जुने चाहते एकत्र जमले, की त्यांचे बोलणे तिच्या गुणांवर फार वेळ टिकत नाही. आवडते प्रसंग आठवून होतात, संवादांची उजळणी होते आणि मग कोणीतरी तो अटळ प्रश्न विचारतो : ही मालिका बिघडली केव्हा? बैठकीला खरा रंग भरतो तो येथून. स्तुतीत सर्वांचे एकमत असते. मात्र ऱ्हासाची तारीख ज्याची त्याची असते.

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर २४ मार्च २००५ ते १६ मे २०१३ या काळात दाखवल्या गेलेल्या ‘द ऑफिस’ या मालिकेबाबत हे विशेषत्वाने दिसते. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन हे एकेकाळी कोळशाच्या खाणींवर उभे राहिलेले शहर. तेथील कागदविक्रीच्या एका कंपनीची शाखा आणि तिच्यातील दहापंधरा कर्मचारी, एवढाच या मालिकेचा ऐवज. एक माहितीपट-पथक या कार्यालयाचे चित्रण करीत आहे, असा तिचा बहाणा. नऊ पर्वे आणि २०१ भाग एवढा तिचा विस्तार झाला. संगणकाच्या युगात कागद विकणाऱ्या माणसांची ही कथा असल्याने ऱ्हास हा पहिल्या भागापासूनच तिचा विषय होता. पुढे तो तिचे प्राक्तनही ठरला, असे चाहते म्हणतात.

पण केव्हा? एक पक्ष म्हणतो, जिम आणि पॅम यांचे लग्न झाले तेव्हा, म्हणजे २००९च्या ऑक्टोबरात. दोन टेबलांमधल्या अंतरात जी ओढ ताणलेली होती, ती पूर्ण झाली आणि कथेचा कणाच गेला. दुसरा पक्ष २८ एप्रिल २०११ ही तारीख सांगतो. त्या दिवशी मायकेल स्कॉट हा शाखाव्यवस्थापक आणि त्याची भूमिका करणारा स्टीव्ह कॅरेल निरोप घेऊन गेला. त्यानंतर उरले ते केवळ कार्यालय. तिसरा पक्ष अधिक कठोर. त्याच्या मते ऱ्हास दुसऱ्या पर्वातच सुरू झाला. मूळच्या ब्रिटिश ‘द ऑफिस’मधील व्यवस्थापकाचा अप्रिय, असह्य पोकळपणा अमेरिकी रूपांतराने तेथे सौम्य केला आणि मायकेलला प्रेमास पात्र बनवले. ती मूळ मालिका २००१ ते २००३ या काळात अवघे बारा भाग आणि नाताळचा एक द्विभागी विशेष कार्यक्रम एवढ्यावर थांबली. थांबणे हाच तिच्या घाटाचा भाग होता.

या तारखा पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. जो तो आपल्याला मालिकेत काय हवे होते, तेच सांगत असतो. प्रेमकथा पाहणाऱ्यासाठी ती लग्नाने संपते, स्वभावचित्र पाहणाऱ्यासाठी निरोपाने, तर उपरोध पाहणाऱ्यासाठी करुणेच्या पहिल्या शिरकावाने. ऱ्हासाची तारीख ही संहितेइतकीच वाचकाचीही मिती असते. तथापि येथे थांबून ‘ज्याची त्याची रुची’ असे म्हणणे ही समीक्षेची सोयीस्कर पळवाट होय. वाचक निरनिराळे असले तरी संहितेत काही घडलेच नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

घडले ते असे. या मालिकेत हास्याचे ध्वनिमुद्रण नव्हते. हसावे केव्हा, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नसे. आरंभीच्या पर्वांतील विनोद बोलण्यात जेवढा होता, तेवढाच न बोलण्यात होता. व्यवस्थापक काही अनुचित बोलतो, क्षणभर शांतता पसरते आणि जिम कॅमेऱ्याकडे पाहतो. ती नजर म्हणजे साक्षीदाराला दिलेली हाक असते. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले. त्यांची विभागणी हसणाऱ्याच्या प्रकृतीनुसार आहे हे खरे. पण ती क्रमवारी येथे उपयोगी पडते. दातही न दिसणारे स्मित हा या मालिकेचा मूळ स्वर होता. पुढे तो अतिहसिताकडे सरकत गेला. हिशेब विभागातील केविन आरंभी मंद वाटणारा, पण स्वतःचे असे काही राखून असलेला माणूस होता; अखेरीस त्याचा मंदपणा तेवढा उरला. स्वभावातील एका छटेने सबंध माणूस गिळला. जिमची नजरही हाक न राहता सवय झाली. हास्य अनौचित्यातून निर्माण होते हे खरे. परंतु अनौचित्य जाणवण्यासाठी आधी औचित्याचे एक जग उभे असावे लागते. सारेच विक्षिप्त झाले, की विक्षिप्तपणा पाहायला कोणी उरत नाही.

मग ती वेळीच थांबली का नाही? अमेरिकी वाहिन्यांच्या व्यवहारात मालिकेचा शेवट कथेच्या गरजेतून क्वचितच येतो. शंभराच्या आसपास भाग झाले की पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकणे फायद्याचे होते आणि प्रेक्षक टिकून आहेत तोवर पुढचे पर्व मागितले जाते. कोरियातील युद्ध तीन वर्षांत थांबले. त्या युद्धातील लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे चालली. ‘हॅपी डेज’ या मालिकेत १९७७ साली नायकाने पाण्यावरील घसरपट्ट्यांवरून शार्कला ओलांडले आणि ‘शार्कवरून उडी’ हा पुढे ऱ्हासारंभाचा वाक्प्रचारच होऊन बसला. मात्र ती मालिका नंतरही १९८४पर्यंत सुरू होती, हे तो वापरणारे क्वचितच लक्षात घेतात. उतरणीवरचा प्रवास पुष्कळदा चढणीपेक्षा लांब असतो आणि तोही कोणीतरी दर आठवड्याला आवडीने पाहत असते.

चाहत्यांच्या वादात जी कळकळ जाणवते, तिचे मूळ येथे आहे. २००५ साली बावीस वर्षांचा असलेला प्रेक्षक मालिका संपली तेव्हा तिशीत पोहोचला होता. आरंभी जिमच्या जागी स्वतःला ठेवून, ‘ही नोकरी तात्पुरती आहे’ असे म्हणत तो मायकेलला हसला. मधल्या काळात त्याची तात्पुरती नोकरी कायमची झाली. मालिका नेमकी कधी बिघडली, हे तो पोटतिडकीने विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो मालिकेविषयीचा नसतो. आपल्या आयुष्यातला चांगला काळ कोणत्या दिवशी संपला, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. मालिकेच्या बाबतीत निदान भागाचा क्रमांक सांगता येतो.

या साऱ्या वादाचे उत्तर मालिकेनेच तिसऱ्या पर्वातील एका प्रसंगात देऊन ठेवले आहे. पॅमच्या जलरंगचित्रांचे छोटे प्रदर्शन भरते. सहकारी ऑस्कर आपल्या मित्रासह येतो आणि ती मागे उभी आहे हे न कळून, या चित्रांत धैर्य आणि प्रामाणिकपणा नाही, असे मत देतो. मत चुकीचे नसते. म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागते. सारे निघून गेल्यावर मायकेल धावतपळत येतो. कार्यालयाच्या इमारतीचे चित्र पाहून तो हरखतो, त्यात आपली खिडकी शोधतो आणि ते विकत घेतो. त्याला चित्रकलेतले काही कळत नाही. आपण जेथे दिवस घालवले, त्या जागेकडे कोणीतरी नीट पाहिले, एवढेच त्याला कळते.

ऱ्हासाचा हिशेब मांडणारा चाहता ऑस्करच्या जागी उभा असतो, तर नऊही पर्वे पुन्हा पाहणारा मायकेलच्या. बहुतेकांच्या ठायी दोघेही नांदतात. मायकेलने विकत घेतल्याने ते चित्र थोर ठरत नाही आणि ऑस्करच्या निर्णयाने त्याची किंमत संपत नाही. मूल्यमापन आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच. आस्वादाची प्रौढता एकाने दुसऱ्याला खोडण्यात नसून दोन्ही सांभाळण्यात असते.

ते चित्र पुढे कार्यालयाच्या भिंतीवर टांगले जाते. व्यवस्थापक बदलतात, मालक बदलतात, विनोद पातळ होत जातो. चित्र तेथेच राहते. शेवटच्या भागाच्या अखेरीस सारे निघताना पॅम ते भिंतीवरून उतरवते आणि सोबत घेऊन जाते.