आतली कडी

मराठी वाङ्मयातील घर मी आयुष्यभर वाचत आले. ओसरी, माजघर, देवघर, परसू, माळवद या सर्वांना आपल्या साहित्यात आपापली जागा आहे. माजघरातील कुजबुज आणि स्वयंपाकघरातील धूर यांवर तर आपल्या कथावाङ्मयाचा मोठा भाग उभा आहे. स्नानही आहे; नदीवरचे, पर्वणीचे, दिवाळीच्या पहाटेचे. पाण्यावर गेलेल्या बायका आहेत, आणि विहिरीत जीव देणाऱ्याही आहेत. परंतु दार लावून घेऊन, एकटीने, निवांतपणे न्हाणारी स्त्री माझ्या वाचनात क्वचितच आली. ही उणीव वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटेपर्यंत मला जाणवलीही नव्हती. ती जाणवली चेन्नईच्या गिंडी भागातील आमच्या बिऱ्हाडात, चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशा एका खोलीच्या दाराबाहेर उभी असताना.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही गिंडीत स्थिरावलो. मी अध्यापनातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुस्तकांच्या पेट्यांसह येथे आले. या परिसराची मला प्रथमपासून गंमत वाटत आली आहे. एका अंगाला १९५८ साली उभी राहिलेली औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या अंगाला शहराच्या ऐन पोटात वसलेले राष्ट्रीय उद्यान; वडाच्या पारंब्यांखाली तेथे चितळांचे कळप निवांत चरतात. जवळच १८९९ साली स्थापन झालेली किंग संस्था आहे. देवीच्या लशीसाठी निघालेल्या या संस्थेला मद्रास इलाख्याच्या एका आरोग्य आयुक्ताचे नाव मिळाले. सार्वजनिक स्वच्छतेचा एवढा जुना वारसा शेजारी असूनही आमच्या घरातील न्हाणीघराची अवस्था शोचनीय होती. फुटक्या बादल्या, पाणी साठवण्याचे पिंप, ओल्या कपड्यांची दोरी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांतून वाट काढत आम्ही कशीबशी आंघोळ उरकत असू. ‘उरकणे’ हेच क्रियापद त्या क्रियेला शोभत होते.

२०१६च्या उन्हाळ्यात आईला लातूरहून येथे आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या ठिकाणी गर्दी करू नये म्हणून शहरात जमावबंदीचा हुकूम निघाला होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली, तेव्हा आई ब्याऐंशी वर्षांची होती आणि घागर उचलण्याची शक्ती तिच्यात उरली नव्हती. “पाणी गाडीत बसून येतंया, मग मी गाडीत बसून पाण्याकडं गेले तर काय बिघडलं?” असे म्हणून ती निघाली.

तिच्यासाठी मी न्हाणीघर आवरायला घेतले. आधी सगळी अडगळ बाहेर काढली. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने फरशीवर आणि नळांवर पांढरे किटण चढले होते. ते लिंबाचा रस लावून, मुरू देऊन, हळूहळू घासावे लागले. कामाला आलेल्या माणसाने लवकर सुटका व्हावी म्हणून तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकदमच ओतू पाहिली, तेव्हा मी ओरडून त्याचा हात थांबवला. या दोहोंच्या मिश्रणातून निघणारा वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो. मग गवंड्याकडून फरशीचा उतार मोरीच्या जाळीकडे नीट काढून घेतला, कारण पाणी साचले की शेवाळ आलेच, आणि म्हाताऱ्या हाडांना शेवाळासारखा वैरी नाही. गुळगुळीत फरशी काढून खरबरीत बसवली. भिंतीत पक्की दांडी ठोकली, बसायला रुंद पायांचे स्टूल आणले, बंद पडलेला झरोका उघडला. झरोक्यातून कडुनिंबाची एक फांदी दिसू लागली आणि दुपारपर्यंत फरशी कोरडी होऊ लागली. मी मनाशी म्हटले, झाले काम.

आईने खोली पाहिली. दांडीला हात लावून पाहिला, स्टूल हलवून पाहिले. मग दाराकडे वळून तिने विचारले, “आतून कडी लागती का गं?”

कडी मी मुद्दामच काढून टाकली होती. डॉक्टरांनी बजावले होते, की या वयात न्हाणीघराचे दार आतून बंद करू देऊ नका. तोल गेला तर बाहेरच्या माणसाला आत जाता आले पाहिजे. मी तिला ते समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे चार वाजता, आम्ही सारे झोपेत असताना, ती आंघोळ करून मोकळी झालेली होती. अंगावरचे लुगडे न सोडता, भिंतीकडे तोंड करून. ओले लुगडे पिळताना झालेल्या आवाजाने मला जाग आली.

त्या सकाळी तिने जे सांगितले ते मी तिला पूर्वी कधी विचारलेच नव्हते. औशाजवळच्या खेड्यात लग्न होऊन ती गेली, तेव्हा परसात तुराट्यांचा आडोसा होता. कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. पुरुषमाणसे उठण्याच्या आत बायकांनी न्हाऊन घ्यायचे. सासू दोनदा खाकरली की तिसरा तांब्या अंगावर घ्यायचा नाही. पुढे लातुरात घर झाले. त्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती आणि मोरीला जुन्या धोतराचा पडदा. आम्ही पाच भावंडे त्या पडद्याबाहेरून तिला हाका मारीत असू : आई, माझी वही कुठे आहे, आई, दूध उतू चालले. डोळ्यांत साबण असताना तिने उत्तरे दिली. “साठ-पासष्ट वर्षं झाली,” ती म्हणाली, “दार लावून न्हाले नाही मी.”

मी स्तब्ध झाले. माझा पीएच.डी.चा प्रबंध मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांतील ‘स्व’ या विषयावरचा होता. खाजगीपणा, स्वत्व, अवकाश हे शब्द मी त्यात शेकडो वेळा वापरले होते. तो प्रबंध लातूरच्या त्याच घरात, त्याच मोरीपासून दहा पावलांवर बसून लिहिला होता. आणि लिहिता लिहिता, उतू जाणाऱ्या दुधासाठी, मीच तिला हाक मारली होती.

आपल्या भाषेने या बाबतीत खूप काही टिपून ठेवले आहे. ‘न्हाणे’ हा शब्द संस्कृत ‘स्ना’ धातूपासून आला, आणि त्याच्याजवळ ‘माखणे’ येऊन बसला, तेव्हा ‘न्हाऊमाखू घालणे’ हा मायेचा वाक्प्रचार तयार झाला. लीळाचरित्रात ‘मर्दना’ आणि ‘मादणे’ या शब्दांची जोडी पाहिली की तेलाचा आणि ऊन पाण्याचा हा सोहळा किती जुना आहे हे कळते. परंतु ‘घालणे’ हे क्रियापद पाहा. न्हाऊमाखू घालायचे ते दुसऱ्याला : बाळाला, पाहुण्याला, जावयाला, देवाला. स्त्रीला त्याचा लाभ व्हायचा तो बाळंतपणापुरता. सव्वा महिना संपला की ती पुन्हा घालणाऱ्यांच्या रांगेत. स्वतःच स्वतःला न्हाऊमाखू घालण्यासाठी मराठीत रुळलेला वाक्प्रचार मला अजून सापडलेला नाही.

आईची गोष्ट तिच्या एकटीची नव्हती. २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४२ टक्के घरांत छपराचे स्नानगृह होते, १६ टक्के घरांत बिनछपराचा आडोसा होता आणि उरलेल्या जवळजवळ ४२ टक्के घरांत यांपैकी काहीच नव्हते. ज्या देशात नदीच्या प्रत्येक वळणावर स्नानाचे माहात्म्य सांगितलेले आहे, त्या देशाची ही आकडेवारी आहे.

याचे एक कारण मला आपल्या ‘शुद्धी’च्या कल्पनेत दिसते. आपण स्नानाकडे पाहिले ते विटाळ धुण्याची क्रिया म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत आहे. बाहेरून घरात येणारा जिन्नस, मीठ आणि साखरसुद्धा, धुऊन घेतला जाई. आपण ती हकीकत हसत वाचतो. पण त्या धुण्याचे सगळे श्रम घरातील बायकामुलींच्या वाट्याला आले होते हे विसरतो. आणि याच शुद्धीच्या नावाखाली माणसांना पाण्यापासून तोडले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आमच्या खेड्यातही दोन विहिरी होत्या, आणि उन्हाळ्यात आधी कोणती आटे हे सर्वांना माहीत होते. शरीराला पवित्र-अपवित्र ठरवण्यात आपण एवढे गुंतलो, की ते थकते, दुखते आणि त्याला थोडा निवांतपणा हवा असतो, हे पाहायचे राहून गेले. हल्ली दुकानांत न्हाणीघरासाठी सुगंधी मेणबत्त्या आणि परदेशी क्षार मिळतात. त्यांना माझी हरकत नाही. परंतु ज्या दाराला कडी नाही त्याच्या आत मेणबत्ती लावून काय करणार?

अखेर मी सुताराला बोलावले. दार आत उघडत होते, ते बाहेर उघडेल असे फिरवून घेतले. आत कोणी पडले तर शरीराचा अडसर दाराला होऊ नये म्हणून. आणि अशी कडी बसवली, जी आतून लागते, पण वेळ आली तर बाहेरच्या खाचेत नाणे घालून फिरवता येते. नाण्याची गोष्ट मी आईला सांगितली. तिने विचार केला आणि म्हणाली, “नाणं तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुणाजवळ नको.” एक रुपयाचे ते नाणे मी दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवले.

शेजारच्या मामींनी तिला तमिळ स्नान शिकवले. येथे शुक्रवारी स्त्रियांचे आणि शनिवारी पुरुषांचे तैलस्नान असते. तिळाच्या तेलात चार मिरे आणि थोडे जिरे टाकून ते कोमट करायचे, टाळूपासून तळपायापर्यंत जिरवायचे आणि शिकेकाईने उतरवायचे. क्षारांच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आईने त्याला हरभऱ्याच्या पिठाची जोड दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. नरकचतुर्दशीच्या पहाटे मामींनी जिन्यातून प्रथेप्रमाणे विचारले, “पाट्टी, गंगा स्नानम् आच्चा?” पाट्टी म्हणजे आजी. आईला ‘गंगा’ आणि ‘स्नान’ एवढेच कळले. “आच्चा, आच्चा,” ती उत्तरली, आणि मामींना वाटले, पाट्टी तमिळ बोलू लागल्या.

२०१९ साली पाण्याने पुन्हा आम्हांला गाठले. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराचे चारही तलाव जूनपर्यंत जवळपास कोरडे पडले. आमची बोअर आटली. रंगीत प्लास्टिकचे कुडम घेऊन माणसे टँकरच्या रांगेत उभी राहू लागली. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला आली. बातमी ऐकून आई म्हणाली, “माझ्या मागं मागं आली बघ गाडी.” घरात माणशी एक बादली ठरली. आईने ती बिनतक्रार स्वीकारली.

त्या दिवसांतली एक सकाळ. आई आत गेली, कडी लागली, तांब्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. मग आवाज थांबला. मी बाहेर वाचीत बसले होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मी हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवले, उत्तर नाही. हातात नाणे घेतले आणि माझा हात थरथरू लागला. मी जोराने ओरडले, तेव्हा आतून अगदी शांत आवाज आला, “हाय की. बसले हाय नुसती.”

“मग ओ का देत नाहीस?” मी भीतीने आणि रागाने म्हणाले.

थोड्या वेळाने उत्तर आले, “लई वर्षं दिली ओ.”

मी नाणे कोनाड्यात ठेवले आणि जमिनीवर दाराला टेकून बसले. आत ती काय करीत होती हे मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. कदाचित झरोक्यातून कडुनिंबाची फांदी पाहत असेल. ती बाहेर आली तेव्हा बादलीत अर्धे पाणी शिल्लक होते. “तुळशीला घाल,” एवढेच ती म्हणाली.

आई २०२१मध्ये गेली. त्या खोलीत नंतर काहीही साठू दिलेले नाही. फरशी मी स्वतः घासते. हे काम दुसऱ्यावर टाकू नये असे वाटते. शुक्रवारी मामींकडून तिळाचे तेल येते. मामीही आता थकल्या आहेत, म्हणून त्यांच्या दाराची कडी गेल्या महिन्यात मीच सुतार पाठवून बदलून दिली.

कधी कधी अंग पुसून झाल्यावर मी स्टुलावर बसून राहते. प्रथम प्रथम बाहेरून हाक येईल असे वाटत राही, आणि कान आपोआप दाराकडे जात. आता यजमानांनाही सवय झाली आहे. नाणे कोठे असते ते त्यांना ठाऊक आहे, आणि ते वाट पाहतात.