कार्ड बदलताना कॅबिनेट उघडलं

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. वसमतला माझा छोटा स्टुडिओ आहे. इतकी वर्षं एडिअस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर भागलं. त्याचा बहुतेक भार प्रोसेसरवर; कार्ड असलं काय नि नसलं काय. पण हल्लीच्या नवरा-नवरीला वरातीच्या अंधारात चेहरे उजळ हवेत, हळदीचा पिवळा सिनेमातल्यासारखा हवा, आणि वर सगळं फोर-के. म्हणून दा विंची रिझॉल्व्ह शिकायला घेतलं. त्याने पहिल्याच लग्नाला पडद्यावर सुनावलं, की जीपीयूची मेमरी भरली. कार्डाची मेमरी वेगळी असते, रॅम वाढवून ती वाढत नाही, इथपासून माझी शाळा सुरू झाली.

पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याच्या सल्ल्याने कार्ड ऑनलाइन मागवलं. "काका, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, सीलसकट," असं त्याने बजावलं होतं. आपला धंदाच तो. दोन लाइट लावून शूटिंग केलं. कार्ड बसलं, पडदा आला, सगळं झकास. रेंडर सुरू केलं की मात्र थोड्याच वेळात जांभळे-हिरवे चौकोन, आणि मग पडदा काळा.

विक्रेत्याचा पहिला निरोप: ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला, तोही आधीचा डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने मुळापासून पुसून. चौकोन तसेच. दुसरा निरोप: दोष तुमच्या पीसीत असेल. ही शंका रास्त होती. पीसीला वीज देणारा एसएमपीएस कमी पडला तरी भाराखाली मशीन मान टाकतं. आमच्या मोंढ्यातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाकडे गेमचा भक्कम पीसी आहे. त्याच्यात कार्ड लावलं, तिथेही तेच चौकोन. "काका, मेमरी गेली दिसतीय याची. फॅन फिरायलाय म्हणून कार्ड जित्तं समजू नका," तो म्हणाला. ते चौकोनही शूट करून पाठवले, तेव्हा विक्रेता कबूल झाला. पण तेच मॉडेल शिल्लक नव्हतं. पैसे परत घ्या, नाहीतर त्याच किमतीच्या आसपासचं दुसरं निवडा.

बिघडलेलं कार्ड ओळखणं सोपं होतं. दुसरं निवडायला बसलो तेव्हा डोकं गरगरलं.

नंबरांचाच घोळ पाहा. आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं कार्ड, मेमरी १२ जीबी. आरटीएक्स ४०६० हे २०२३ चं, म्हणजे नवं. मेमरी ८ जीबी. मेमरीकडे जाणारा रस्ता जुन्यात १९२ बिट रुंद, नव्यात १२८. सोयाबीनच्या पिशवीवरचा नंबर वाढला म्हणून उतारा वाढेलच असं नाही, हे आमच्याकडे शेतकरी सांगतो, इथे तेच. बरं, नवं वाईट म्हणावं तर तसंही नाही. गेममध्ये ते जुन्याच्या पुढे पळतं, आणि वीज ११५ वॉट खातं, जुनं १७०. पुतण्याचं मत ४०६० ला. व्यापाऱ्याच्या पोराचं एएमडीच्या आरएक्स ७६०० ला. तेही ८ जीबीच. कुठल्या गेममध्ये किती एफपीएस येतात हे दोघांना तोंडपाठ. लग्नात किती येतात, ते कुणालाच ठाऊक नाही.

इंटेलचं आर्क बी५८० पाहून मात्र जीव खाली-वर झाला. १२ जीबी, आणि किंमत बेताची. पण त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते, आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर सांगतं. माझा आय-फाइव्ह आठव्या पिढीचा. विषय संपला.

मग मी याद्या बाजूला ठेवल्या आणि कॅबिनेट उघडलं. हे आधी कुणीच सुचवलं नव्हतं. आत फॅनच्या पात्यांवर पिवळी धूळ. पॉलिशच्या दिवसांत वसमतमध्ये हळद हवेतच असते. तिला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण पीसीला त्याचं काय. एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं, आणि एनव्हिडिया ३०६० ला नि ४०६० ला, दोन्हींना ५५० सांगते. बाहेर ६०० व्हीएचा यूपीएस. हा आकडा वॉटचा नसतो. त्यावर ३६० वॉटच्या आसपासच भार चालतो. मृगाच्या वाऱ्यात लाइट गेली आणि तेव्हाच रेंडर चालू असला, तर त्या डब्याने काय काय ओढायचं? प्रोसेसर, मॉनिटर, हार्ड डिस्क, आणि वर १७० वॉटचं कार्ड.

यावर उपाय दिसला तो आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीवाला प्रकार. ७० वॉट. मदरबोर्डचा स्लॉट स्वतःच ७५ वॉट देतो, त्यामुळे वेगळी आठ पिनांची वायरही लागत नाही. एसएमपीएस तोच, यूपीएस तोच. एक रात्र मी त्या कार्डावर खूश होतो. पण मुळात अडलं होतं मेमरीवर, आणि सहाच जीबी घेऊन मी पुन्हा त्याच संदेशासमोर बसलो असतो.

निकाल लागला तो एका बारीक गोष्टीने. ४०६० ला बोर्डाशी बोलायला आठच लेन, ३०६० ला सोळा. नव्या बोर्डावर आठ लेननी काही बिघडत नाही. माझा बोर्ड पीसीआयई ३.० चा. कार्डाची ८ जीबी भरली की उरलेला माल रॅममध्ये जातो आणि याच वाटेने ये-जा करतो. म्हणजे जिथे माझं काम अडतं, नेमकी तिथेच वाट अरुंद. पुतण्याला फोनवर हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासाठी ३०६० च बरोबर आहे." मग मी पैसे परत घेतले आणि, या वेळी कार्ड डोळ्यांसमोर तपासून घ्यायचं म्हणून, नांदेड गाठलं.

आमच्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल ती मोजणार. त्याच जिल्ह्यातून कार्डासाठी नांदेडची बस धरावी लागते, हे आपलं सहज सांगितलं.

दुकानदाराने आधी वापरलेलं ३०६० पुढे केलं. किंमत मोहात पाडणारी, बिल नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं जुन्या बाजारात उतरली, एवढं मी वाचून गेलो होतो. हे त्यांतलंच होतं असं नाही. पण ज्याचं आधीचं आयुष्य सांगायला कुणी नाही, ते एकदा पोळल्यावर कोण घेतो? नवं घेतलं, दोन फॅनचं. तीन फॅनचं माझ्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या खणाला अडलं असतं. सोबत ६५० वॉटचा एसएमपीएस आणि ११०० व्हीएचा यूपीएस. खिसा चांगलाच हलका झाला.

पैसे देण्याआधी म्हटलं, "भाऊ, तुमच्या मशीनला लावून दाखवा." तो हसला, पण लावलं. जीपीयू-झेडमध्ये नाव आणि १२ जीबी पाहिली. कार्ड बनावट असेल तर हे सॉफ्टवेअर बहुधा तसं लिहून दाखवतं. मग फरमार्कवर तापवलं, ओसीसीटीने मेमरी तपासली. चहा दोनदा झाला. चौकोन आले नाहीत. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला. बिघडलं तर कुठे पाठवायचं, हेही त्याच्याकडून बिलामागे लिहून घेतलं.

आता रिझॉल्व्ह मेमरीबद्दल बोलत नाही. पण टाइमलाइन अजून मधेच अडखळते. पुतण्या म्हणतो, कार्ड मोकळं बसलंय, जुनी हार्ड डिस्क त्याला वेळेवर माल पुरवत नाही. त्याने एसएसडीच्या याद्या पाठवल्यात. त्यात पुन्हा जेन ३ आणि जेन ४ असं काहीतरी आहे.