जोशुआ ट्रीच्या वाळवंटात तीन रात्री

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आता अमेरिकेत, आखातात, इंग्लंडमध्ये नोकरी-धंद्याला आहेत. त्यांच्याकडे आई-वडील जातात, दोन-चार महिने राहतात, मॉल बघतात, तिथली मशीद बघतात, नातवंडांचे लाड करतात आणि परत येतात. आमचेही तसेच होते. पण मागच्या डिसेंबरात मुलांच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेकीने विचारले, "अम्मी, या वेळी वाळवंटात जायचं का?" दुष्काळी माण तालुक्यात वाढलेल्या बाईला वाळवंट बघायला नेतात, याचे मला हसूच आले. तरी गेलो. आपल्यापैकी कुणाला असा योग आला तर उपयोग व्हावा, म्हणून ही हकिकत सविस्तर लिहीत आहे.

जोशुआ ट्री नॅशनल पार्क दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिसहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर. सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात. पश्चिमेकडचे उंचावरचे, थंड मोहावे आणि पूर्वेकडचे सखल, जास्त उष्ण कोलोरॅडो. वाळवंटातल्या वनस्पती लोक उपटून शहरातल्या बागांसाठी नेऊ लागले, तेव्हा मिनर्व्हा हॉइट नावाच्या बाईंनी हा भाग वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १९३६ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९४ साली तो नॅशनल पार्क झाला.

जोशुआ ट्री हे झाड म्हणजे केवड्यासारख्या टोकदार पानांचे झुबके घेऊन, वाकड्या फांद्या वर करून उभे असलेले एक अजब प्रकरण. तिकडून जाणाऱ्या मॉर्मन पंथाच्या लोकांना त्या फांद्या दुआसाठी उचललेल्या हातांसारख्या वाटल्या आणि त्यांनी झाडाला जोशुआचे नाव दिले, असे सांगतात. जोशुआ म्हणजे आपले हजरत यूशा बिन नून (अ.). सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्याबरोबर प्रवासाला निघालेला जो तरुण आहे तो हेच, असे मुफस्सिर सांगतात. हे कळल्यावर नातवाला ते झाड एकदम ओळखीचे वाटू लागले. या झाडाचे परागण एक लहानसा पतंगच करतो. तो त्याच फुलात अंडी घालतो, त्याच्या अळ्या थोडे बी खातात आणि उरलेल्या बियांतून नवे झाड येते. एकमेकांशिवाय दोघांचेही चालत नाही.

पार्कच्या आत एकही हॉटेल नाही. तंबू ठोकायच्या सुमारे पाचशे जागा आहेत, पण बहुतेक ठिकाणी पाणी नाही आणि डिसेंबरच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. मुलांच्या नानांचे गुडघे आणि मधुमेह बघता तंबूचा प्रश्नच नव्हता. जवळच्या गावात हॉटेल होते, पण त्यात दोन वेगळ्या खोल्या, स्वयंपाकघर नाही, म्हणजे तिन्ही वेळा हलाल खाणे शोधत फिरायचे. म्हणून आम्ही सहा जणांसाठी एक केबिन तीन रात्रींकरता भाड्याने घेतली.

या केबिनांचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९३८ साली अमेरिकी सरकारने एक कायदा केला. निरुपयोगी समजली जाणारी वाळवंटी जमीन पाच-पाच एकरांच्या तुकड्यांनी सामान्य माणसाला नाममात्र दरात द्यायची. अट एकच, ठरलेल्या मुदतीत त्यावर छोटेसे घर उभे करायचे. पुढे किमान माप ठरले ते बारा फूट बाय सोळा फूट, म्हणजे आपल्याकडची एक खोली. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसचे कारकून, कामगार, निवृत्त शिपाई इथे आले आणि त्यांनी हाताने घरे बांधली. पुढे पाण्याअभावी कित्येकांनी ती सोडून दिली. ट्वेंटीनाईन पाम्स गावाच्या पूर्वेला वंडर व्हॅली म्हणून भाग आहे, तिथे आजही छप्पर उडालेल्या खोल्या उघड्या माळावर दिसतात. त्यांतल्याच काही लोकांनी दुरुस्त केल्या, मागे-पुढे खोल्या वाढवल्या आणि आता भाड्याने देतात. आमची केबिन अशीच एक होती.

ठरवण्यापूर्वी जावयांनी मालकीणबाईंना बरेच प्रश्न विचारले. कौंटीचा परवाना आहे का? घर तापवायची सोय कोणती, आणि गॅसची असेल तर विषारी धूर ओळखणारे यंत्र लावले आहे का? शेवटचा रस्ता कच्चा आहे तर साध्या गाडीने येता येईल का? साफसफाईचे पैसे वेगळे किती? बेत रद्द झाला तर किती परत मिळतील? शिवाय आपल्या घरातले प्रश्न. पाहुण्यांना कुत्रे आणायची परवानगी असते का? नसेल तर बरे, नमाजला जागा पाक मिळते. स्वागतासाठी दारूची बाटली ठेवायची पद्धत असेल तर कृपया ठेवू नका. बाईंनी सगळ्याला नीट उत्तरे दिली. आपली अडचण आधी मोकळेपणाने सांगितली की समोरचा माणूस समजून घेतो, हा आमचा अनुभव.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता पाण्याचा. उत्तर आले, विहीर नाही, नळयोजना नाही. टँकरने पाणी येते आणि अंगणातल्या टाकीत साठवतात. आंघोळ आणि भांड्यांना ते चालते, प्यायचे तुमचे तुम्ही आणा.

लेक जरा चिंतेत पडली, मी मात्र निश्चिंत झाले. टँकर, टाकी आणि पुरवून वापरायचे पाणी, यांत तर माझे लहानपण गेले.

निघण्याआधी अनाहाइमच्या लिटल अरेबियामधून हलाल मटण आणि कोंबडी घेऊन बर्फाच्या पेटीत भरली. एक पातेले, एक तवा, एक सुरी घरचीच घेतली. केबिनच्या भांड्यांत आधी कुणी काय शिजवले असेल ते आपल्याला ठाऊक नसते. पार्कवाले सांगतात, माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी जवळ ठेवा, डोंगर चढणार असाल तर दुप्पट. सहा माणसे, चार दिवस, म्हणून चोवीस गॅलन गाडीत ठेवले. नानांची औषधे, खजूर, जायनमाजा आणि एक प्लास्टिकचा लोटा. लोट्याशिवाय आपले कुठेच चालत नाही.

केबिनमध्ये पोचलो तर मागच्या अंगणात हिरवी टाकी उभी. स्वयंपाकघरात पाटी होती, पाणी जपून वापरा. बारा वर्षांच्या नातीने विचारले, "नानी, जपून म्हणजे किती?" या मुलीने आयुष्यात नळ उघडला आणि पाणी आले नाही असे कधी पाहिलेले नाही. तिला बोलून काय समजणार? मी तिला नळाखाली पातेले ठेवून रोजच्यासारखा वुजू करायला सांगितले. पातेले भरले, पाच-सहा लिटर तरी होते. मग लोटा भरून दिला आणि म्हटले, आता यातून कर. पहिल्यांदा पाय धुवायच्या आत लोटा संपला. दुसऱ्यांदा मी शेजारी बसून शिकवले. धार बारीक, ओंजळ अर्धी, घाई नाही. लोट्यात पाणी उरले. प्यारे नबी (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, पाऊण लिटरच्या आसपास. नातीने हे मदरशात वाचले होते, पण तिला ती जुन्या काळची गोष्ट वाटायची. आता तिने मापाचा कप आणून मोजून बघितले.

मग मी तिला १९७२ सालच्या दुष्काळाबद्दल सांगितले. माझी अम्मी घमेल्यात उभे करून आम्हाला वुजू करायला लावायची आणि ते पाणी लिंबाच्या झाडाला घालायची. तांदूळ धुतलेले पाणी शेळीला. अब्बा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. हे सारे मी लेकीलासुद्धा कधी नीट सांगितले नव्हते. लॉस एंजेलिसच्या घरात बसून अशा गोष्टी निघतच नाहीत. तिथे प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येकाच्या हातात फोन वेगळा. या केबिनमध्ये तापणारी खोली एकच होती आणि फोनला रेंज नव्हती.

डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. मगरिबनंतर केवढी मोठी रात्र असते! पहिल्या दिवशी किब्ल्यावरून चर्चा झाली. मी सवयीने पश्चिमेकडे तोंड केले, तर जावई म्हणाले, "अम्मी, इथून किब्ला उत्तरेला, थोडा पूर्वेकडे." निवृत्त शिक्षक असलेल्या नानांनी लगेच एक संत्रे घेतले, त्यावर मक्का आणि कॅलिफोर्निया अशा दोन खुणा केल्या आणि दोरा ताणून दाखवला. जवळची वाट वरून, उत्तरेकडून जाते. नंतर सगळे शाली पांघरून बाहेर आले. २०१७ साली या पार्कला काळोख्या आकाशाचा जागतिक दर्जा मिळाला आहे, आणि तो काळोख बघावाच असा आहे. पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते, कृत्तिकांचा झुबका स्पष्ट. आपल्याकडे क्षितिजाजवळ दिसणारा ध्रुवतारा इथे जवळजवळ दुप्पट उंचीवर होता. त्याच्याकडे तोंड करून थोडे उजवीकडे वळले की किब्ला. होकायंत्राची गरज उरली नाही.

दिवसा पार्क बघितला. गाडीला तीस डॉलर, तिकीट सात दिवस चालते. हिडन व्हॅलीतल्या प्रचंड गोल शिळा, कीज व्ह्यू या जागेवरून खाली दिसणारी सान अँड्रियास भूकंपरेषेची दरी, आणि चोला निवडुंगांचे बन. चोलाचे काटे कपड्याला नुसते लागले तरी तुटून चिकटतात, मुलांचा हात धरूनच फिरावे. दुपारी जोहरची वेळ झाली. आठ वर्षांच्या नातवाने वाळूकडे पाहून विचारले, "नाना, तयम्मुम करूया?" नाना म्हणाले, "बाळा, ती सवलत पाणी नसेल त्याला, आजारी असेल त्याला, किंवा असलेले पाणी प्यायलाच लागणार असेल त्याला. आपल्या गाडीत भरपूर आहे. चल, लोटा आण." एका शिळेच्या सावलीला आम्ही कसर नमाज पढलो. येणारे-जाणारे लोक आवाज कमी करून बाजूने गेले.

पार्कमध्ये रेंजरबरोबर जाऊन बघायचे एक जुने घर आहे. बिल कीज आणि त्यांची पत्नी फ्रान्सिस यांनी या उजाड जागी कित्येक वर्षे संसार केला, पाच मुले वाढवली. पावसाचे पाणी अडवायला बंधारे घातले, फळबाग लावली, एक खिळाही फेकला नाही. अंगणात जुन्या लोखंडाचे ढीग अजून आहेत. नाती-नातवांना ते भंगार वाटले. मला माझ्या अम्मीचे परसदार दिसले.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. गावाजवळ अमेरिकी मरीन सैनिकांचा मोठा सराव तळ आहे, त्यामुळे रात्री कधी दूरवर तोफांची धडधड ऐकू येते. मुलांना आधी सांगून ठेवावे. दुसरे, पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी लोकांनी इतकी घरे घेतली की तिथल्या गरीब रहिवाशांना राहायला घर मिळणे महाग झाले. म्हणून परवाना असलेले, मालक त्याच भागात राहतो असे घर निवडावे, गावातल्या दुकानातून सामान घ्यावे आणि शेजाऱ्याला त्रास देऊ नये. शेजाऱ्याचा हक्क तीन रात्रींच्या मुक्कामातही असतोच.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच जावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो आणि माणसे दगावतात. आत पेट्रोलपंप नाही, टाकी बाहेरच भरून घ्यावी. कागदी नकाशा ठेवावा, आणि कुठे जातोय ते मागे कुणाला तरी सांगून जावे. आभाळ भरून आले तर कोरड्या ओढ्यात थांबू नये, वाळवंटातले पाणी अचानक येते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी फजरला उठले तेव्हा बाथरूममधून पाण्याचा आवाज येईना. मला वाटले नात अजून झोपलीच आहे. आत डोकावले, तर ती स्टुलावर बसून लोट्याने वुजू करत होती आणि खाली बादली ठेवली होती. मी विचारले, हे पाणी कुठे घालणार? म्हणाली, "नानी, आपल्याकडे लिंबाचं झाड नाही, पण बाल्कनीत पुदिना आहे ना."